काकाजींचा हलका दगड

काकाजी कोणतीही वस्तू आधी डोळ्यांनी पाहत नसत, आधी हातावर घेत. भाजीवालीचा भोपळा असो, पोस्टमनने आणलेलं पाकीट असो, नाहीतर बारशाला पाळण्यात ठेवलेलं बाळ असो. तळहात थोडा खाली न्यायचा, वर आणायचा, एक डोळा बारीक करायचा आणि वजन सांगायचं. तेही मनातल्या मनात नाही, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं. नाव ठेवायच्या आधीच वजन जाहीर झालेली कितीतरी पोरं आज गोंदियात मोठी होऊन फिरत असतील. सकाळचा पेपरसुद्धा ते आधी तोलत. "आज बातम्या कमी आहेत, जाहिराती भरल्या आहेत," म्हणत, आणि पेपर उघडला की बहुतेक वेळा तसंच निघे.

ते माझे घरमालक. म्हणजे घराचे नाही, दुकानाचे. कामठ्याकडे त्यांची धानाची शेती, गोंदियात राईस मिल, आणि बाजाराच्या रस्त्यावर ही तीन मजल्यांची इमारत. खाली दुकानं, मधल्या मजल्यांवर एक कोचिंग क्लास आणि एक दाताचा दवाखाना, आणि सगळ्यात वर ते आणि काकीजी. मिल मुलाकडे सोपवून बरेच दिवस झाले होते, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी परखी कायम. परखी म्हणजे पोत्यात खुपसून तांदळाचा नमुना बाहेर काढायची ती टोकदार लोखंडी नळी. बँकेत सही करायची वेळ आली की काकाजी खिशातून परखी काढत आणि मग समोरच्या कारकुनाकडे पेन मागत.

माझं तळमजल्यावर कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंग, प्रिंट, परीक्षांचे निकाल आणि तासावर इंटरनेट. जागा मागायला गेले तेव्हा काकाजींनी माझी प्रमाणपत्रांची फाईल उघडली नाही, हातावर घेतली.

"कागद लय आहेत. अनुभव नाई."

माझा स्वभाव तसा तिखट. मी म्हटलं, "काकाजी, अनुभव फाईलमध्ये ठेवत नाहीत."

"हातावर घेतलं, मंग बोललो," ते म्हणाले आणि किल्ली पुढे केली. 'हातावर घे, मंग बोल' हे त्यांचं पालुपद. राजकारण असो, जावई असो, नवा मोबाईल असो, सगळ्याला हेच लागू.

अख्ख्या गावात एकाच माणसाचं वजन त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, ते म्हणजे काकीजींचं. कारण काकीजींनी त्यांना हात लावू दिला तरच ना! लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणे त्यांनी बजावून ठेवलं होतं, "मले पोतं समजू नका."

काकीजी आमगावकडच्या. अंगाने भरलेल्या, बोलायला सडेतोड, आणि दर सोमवारी नागऱ्याच्या महादेवाला जाणाऱ्या. पण मी दुकान घेतलं त्या सुमारास त्यांचे गुडघे पार गेले. जिना चढायचा म्हणजे प्रत्येक पायरीला 'माय वं', आणि उतरताना तर डोळ्यांत पाणी. एका सोमवारी त्या नागऱ्याहून आल्या, कठडा धरून कशाबशा वर चढल्या, आणि त्यानंतर खाली उतरल्याच नाहीत. कित्येक महिने! लग्नकार्यं झाली, आमगावला भावाच्या घरची वास्तू झाली, धानाची एक मळणी होऊन गेली, काकीजी वरच. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायच्या. भाजीवाली त्यात भाजी टाकायची आणि कधी कधी त्याच टोपलीतून माझ्यासाठी गरम वडे यायचे. टोपलीसोबत वरून आवाजही यायचा, "पोरी, खाऊन घे, मंग तुझ्या मशिनी कुट!" सोमवार आला की मात्र टोपलीत बेल आणि फुलं ठेवून सोडायच्या आणि नागऱ्याकडे जाणारं कोणी दिसलं की हाक मारायच्या. ती हाक मला ऐकवत नसे.

उपाय काय कमी सुचले? काकाजी म्हणाले, "मी पाठीवर घेऊन उतरवतो. जवानीत हमालासंग पोते उचलले आहेत."

"तुमी उचललं का माझं वजन गावभर सांगान," काकीजी म्हणाल्या. विषय संपला.

मग कोणीतरी म्हणालं, काकीजींनाच तळमजल्यावर आणा, एक दुकान खाली करा. ते एक दुकान कोणतं, हे सांगायला नको. लहानातलं लहान माझंच होतं. मी दोन दिवस धड जेवले नाही. काकीजींना कळलं तेव्हा त्या गॅलरीतून एवढ्या मोठ्यानं बोलल्या की समोरच्या पानठेल्यावरचे लोकसुद्धा उभे राहिले. "पोरीचं दुकान उठवून तिथं मी खाट टाकू? कायले? मले काय रस्त्यावरची धूळ खायची हौस आली?" त्या क्षणापासून काकीजी खाली याव्यात हे माझंही काम होऊन बसलं.

इमारत बांधताना लिफ्टची जागा सोडून ठेवली होती. त्यात कबुतरं राहायची. काकाजींनी कबुतरांना नोटीस दिली आणि नागपूरच्या एका कंपनीकडून सहा माणसांची लिफ्ट मागवली. लोडशेडिंगचे दिवस होते, म्हणून जनरेटरही बसवला. लिफ्ट आली, दार उघडलं, आत चकचकीत स्टीलच्या भिंती. काकीजी चालत चालत दारापर्यंत आल्या, आत एकदा पाहिलं आणि उलट पावली खोलीत जाऊन बसल्या.

झालं होतं असं की, आदल्या वर्षी नागपूरच्या एका दवाखान्यात त्या अशाच एका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. वीज गेली, अंधार झाला, मग कसलासा मिणमिणता दिवा लागला आणि चारी भिंतींत त्यांना स्वतःचीच घाबरलेली तोंडं दिसायला लागली. "डब्यात कोंबलेल्या भाकरीवानी झालं मले," त्या सांगत. "तो डबा अंगावर येते. मी नाई बसत."

काकाजी चिडले. "अन् नागऱ्याच्या गाभाऱ्यात तासभर बसते तेव्हा? तेथी खिडकी आहे का?"

"तो दगड आहे. दगड थंड रायते. गाल टेकवला का जीव निवते. तुमच्या डब्याला गाल टेकवू का?"

काकाजींनी रिकामाच तळहात थोडा खाली नेला, वर आणला. मग त्यांचा एक डोळा बारीक झाला.

"मंग दगडाची लिफ्ट करतो."

अख्खा बाजार हसला! लोखंडी जहाज तरंगतं हे शाळेत शिकलेलं पोरगंसुद्धा हसलं. पण काकाजींना हसण्याचं काय? त्यांनी हात दाखवून लोकांना गप्प केलं आणि चार दिवसांत ट्रॅक्टरमधून शिळा आल्या. खऱ्या, जाड, काळसर करड्या, अगदी देवळात शोभतील अशा. मिस्त्रीने त्या लिफ्टच्या आतल्या भिंतींना बसवल्या. काय देखणी दिसत होती म्हणून सांगू! मला तर आत जाताना चप्पल काढावीशी वाटली. काकाजींनी आत न जाता बाहेरूनच हात लांब करून वरच्या मजल्याचं बटण दाबलं.

लिफ्ट किंचाळायला लागली. आत एक माणूस नाही आणि लिफ्ट आपली ओरडतेय!

"आत कोणी नाई, काऊन बोंबलून राहिली ही?"

नागपूरचा इंजिनिअर तोवर येऊन पोचला होता. सज्जन मुलगा. तो म्हणाला, "काकाजी, तिच्या हिशेबानं आत माणसं भरली आहेत. आता आणखी कोणाला घेणार नाही ती."

काकाजींना वाटलं हे सोपं आहे. जन्म तराजूपुढे गेलेला. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं हे त्यांना लिफ्ट बसवतानाच कळलं होतं. "मंग दुसऱ्या पारड्यात वजन टाका ना!"

इंजिनिअरने पुन्हा शांतपणे समजावलं. दोन्हीकडे वजन वाढवलं तरी दोर तेवढाच आहे, ब्रेक तेवढाच आहे, मोटर तेवढीच आहे. काकाजी ऐकत राहिले. चूक कळली की मान्य करायला त्यांना वेळ लागत नसे, हा त्यांचा मोठा गुण.

"हाव. दोन्ही पारडे भरत गेलं तर दांडीच मोडन. उतरवा बे सगळं."

त्या शिळा उतरवून इमारतीपुढे कडुनिंबाखाली टाकल्या. आजही त्यांच्यावर बसून लोक चहा पितात. लोक काकाजींना बरेच दिवस 'महादेवाची लिफ्ट काय म्हणते' असं विचारायचे. काकाजी आधी विचारणाऱ्याच्या अकलेचं वजन सांगत आणि मगच उत्तर देत.

नंतर काकाजी रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. "शोध." काय शोधू? "हलका दगड शोध." मी म्हटलं, "काकाजी, गरम बर्फपण शोधू का?" त्यावर त्यांनी माझा माऊस हातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "एवढं हलकं यंत्र आहे अन् जग शोधते म्हणते. मंग दगड काऊन हलका नाई होणार?" मी शोधायला बसले.

ते दिवस आठवले की आजही मला हुरूप येतो. इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालायचं. फोटो वरून खाली हळूहळू उघडायचा, अर्धा उघडला की वीज जायची. काकाजी बाहेर जाऊन वीजखात्याला शिव्या देऊन यायचे, तोवर वीज यायची आणि आम्ही पुन्हा सुरू. आधी सगळं नकलीच सापडलं. दगडाचं चित्र छापलेले कागद, दगडासारखं दिसणारं प्लास्टिक. रायपूरचा एक एजंट एक तक्ता घेऊन आला. दिसायला हुबेहूब संगमरवर. काकाजींनी हातावर घेतला, "हलका आहे," आणि वर नेला. मी मागोमाग गेले. काकीजींनी तक्ता पाहिलाही नाही, सरळ गाल टेकवला.

"हा कागद आहे बापा."

म्हणजे परीक्षा दोन. काकाजींच्या हाताला हलकं वाटलं पाहिजे आणि काकीजींच्या गालाला थंड. दोन्हीत पास होणारी वस्तू ब्रह्मदेवाने केली नव्हती, असं मला वाटायला लागलं होतं.

आणि एका दुपारी ती सापडली! खरा दगड, खाणीतला, पण कापून कापून नखाएवढा पातळ केलेला, आणि मागे अॅल्युमिनियमची जाळी. जाळी म्हणजे अगदी मधमाशीचं पोळं, सहा कोनांची घरं, आतून पोकळ. पातळ दगड एरवी हाताला लावताच मोडेल, पण या पोळ्याच्या पाठीवर चिकटवला की ताठ उभा राहतो. परदेशात लिफ्टच्या भिंतींना हेच लावतात असं लिहिलं होतं. आपल्याकडे राजस्थानातला एक कारखाना करत होता. मी वाचून दाखवत होते आणि काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"अजून एकदा वाच."

मी वाचलं.

"खरा दगड म्हणते ना?"

"खरा म्हणतं."

"मागव!"

नमुना यायला बरेच दिवस लागले. ज्या सकाळी पार्सल आलं त्या सकाळी माझ्या दुकानात निकाल पाहायला पोरांची रांग होती. सगळी रांग मोडली. लाकडी पेटी उघडली, आत गवत, गवतात तो तक्ता. काळसर करडा, मधून पांढरी रेघ गेलेला, ओबडधोबड, नागऱ्याच्या देवळाची भिंत उचलून आणल्यासारखा. काकाजींनी पाय फाकवले, कंबर घट्ट केली, हमालासारखा श्वास घेतला आणि तक्ता उचलला.

तक्ता एकदम वर उडाला! काकाजींचं कपाळ थोडक्यात वाचलं. एवढ्या दगडाला लागेल तेवढा जोर त्यांनी लावला होता आणि वजन तर काहीच नव्हतं. ते मागे कोलमडले, पोरांनी धरलं. आणि मग काकाजी असे ओरडले की पानठेलेवाला रस्ता ओलांडून धावत आला.

"माझा हात चुकला! अरे बापा, माझा हात चुकला! जिंदगीत पहिल्यांदा!"

हात चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्यांनी पानठेलेवाल्याला बोलावलं, "ले, उठा के देख." त्याने जोर लावला, त्याचाही हात उडाला. "अरे बाप रे, ये तो पापड़ है काकाजी!" मग बँकेचा पहारेकरी, मग दाताचा डॉक्टर, मग रिक्षावाले, मग मिलमधून खास बोलावलेले हमाल. ज्याच्या हातात द्यावा त्याचा हात वर! प्रत्येक वेळी गर्दी ओरडायची आणि काकाजी लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे. मीही उचलला. माझाही हात झोक्यासारखा वर गेला. मी हसतच सुटले.

वर न्यायच्या आधी मात्र काकाजींनी एक उद्योग केला. माझ्या दुकानातला खाकी कागद घेऊन तक्त्याची मागची बाजू आणि कडा झाकून टाकल्या.

"काकाजी, हे कशाला?"

"तिनं जाळी पाहिली का म्हणन, डबाच आहे. तू चूप राय."

आणि एका तळहातावर तो तक्ता डोक्याच्या वर धरून, हॉटेलातला पोऱ्या थाळी नेतो तसा, ते तीन मजले पळत चढले. या वयात! मी मागोमाग पोचले तर काकीजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाल टेकवला. या खेपेला बराच वेळ टेकवून ठेवला. डोळे मिटले.

"थंड आहे."

"दगड आहे," काकाजी म्हणाले.

"पुरा?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पुरा."

जन्मभर कोणाला मापात मारलं नाही असा तो माणूस. 'पुरा' म्हणताना आवाज असा पडला की मलाच चोरी केल्यासारखं झालं.

पुढचे दिवस नुसती धामधूम. तक्ते आले, इंजिनिअरने प्रत्येकाचं वजन मोजून घेतलं, कंपनीला विचारलं, हो आलं, आणि लिफ्टच्या तिन्ही भिंतींना दगड बसला. परीक्षेसाठी नागपूरहून वजनं आणतो म्हणाला तर काकाजींनी हात झटकला. मिलमधून तांदळाची पोती आली. मिलमध्ये शिवलेलं पोतं आणि ते कमी भरेल? इंजिनिअरनेही काट्यावर दोन-चार घालून पाहिली आणि मुकाट्याने मान हलवली. हमालांनी सहा माणसांच्या वजनाची पोती आत रचली. काकाजींनी बटण दाबलं. सगळे श्वास धरून. लिफ्ट किंचाळली नाही! दार मिटलं, दोर हलले, आणि दगडाची खोली पोत्यांसकट वर गेली. हमालांनी 'हर हर महादेव' असा जो पुकारा केला, त्याने क्लासमधली पोरं वही-पेन टाकून बाहेर आली.

उद्घाटनाला सोमवार धरला होता. बेत असा, की वरच्या मजल्यावर पूजा, काकीजींनी लिफ्टने खाली यायचं, आणि खालून थेट रिक्षाने नागऱ्याला. आमगावहून काकीजींचे धाकटे भाऊ आले होते, मामाजी. उत्साही, मोठ्या आवाजाचे, आणि कोणत्याही कामात दोन पावलं पुढे. लिफ्टचं दार उघडं धरून ठेवलं होतं. काकीजी नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. चेहरा घट्ट, पदराचं टोक मुठीत. हळदकुंकू झालं, उदबत्ती झाली, आता नारळ.

नारळ फोडायला दगड लागतो. वरच्या मजल्यावर सगळीकडे फरशी. कोणीतरी म्हणालं, खालून दगड आणा. मामाजी म्हणाले, "दगड समोर आहे अन् खाली कायले जाता?" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी नारळ उचलून लिफ्टच्या भिंतीवर आपटला.

नारळ फुटला. भिंतही फुटली. तळहाताएवढा कोपरा खळकन खाली पडला आणि त्या जागी ती चांदीसारखी जाळी चकाकायला लागली. नारळाचं पाणी तिच्या घराघरांतून ओघळत होतं.

मामाजींच्या हातात नारळाचं अर्धं भकल तसंच. काकाजींकडे पाहवत नव्हतं. मला वाटलं, झालं. एवढ्या महिन्यांची धडपड या एका नारळात गेली. काकीजी खुर्चीतून उठल्या, कठडा धरत लिफ्टच्या दाराशी आल्या आणि त्या जाळीकडे पाहत राहिल्या.

"हे काय आहे?"

"दगड वर आहे," काकाजी म्हणाले. आवाज एवढा लहान मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "नखाएवढा. आत पत्र्याची जाळी आहे. पुरा नाई. मी खोटं बोललो."

काकीजींनी हात पुढे केला. मी खाली वाकून दगडाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गालाला लावला. मग जाळीच्या एका घरात बोट घालून पाहिलं.

"मोहोळ आहे हे तर," त्या म्हणाल्या. आणि मग काकाजींकडे वळून, "पुरा दगड असता तर त्या दिवशी एका हातावर घेऊन तीन माळे पळत आले असते का तुमी? गिरणीवाल्याच्या घरात जन्म काढला मी. मले तेवढं बी समजत नाई?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"गालाले थंड लागलं, मले पुरे झालं. आत काय आहे ते कायले पाहू? लग्नाच्या वेळी तुमच्या आत काय आहे ते तरी कुठं पाहिलं होतं?"

जो हशा पिकला! मामाजी तर खाली बसून हसत होते. काकीजी हसल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा कनवटीला खोचला, काकाजींच्या मनगटाला घट्ट धरलं, आणि देवळात टाकतात तसा उजवा पाय पुढे टाकून त्या आत गेल्या. डोळे मिटून गाल भिंतीला टेकवला. एक बोट त्या फुटक्या जाळीत. आतमध्ये अजून पोत्यांमुळे नव्या तांदळाचा वास होता. दार मिटलं.

मी जिन्याने जी पळत सुटले! माझ्या मागे क्लासची पोरं, त्यांच्या मागे मामाजी. धापा टाकत खाली पोचलो तर दार अजून बंदच. एक क्षण वाटलं, अडकली. आणि मग हळूच दार सरकलं. काकीजी तशाच डोळे मिटून उभ्या.

"निघाली का नाई अजून?" त्यांनी विचारलं.

"आली, काकीजी! खाली आलात तुम्ही!"

त्यांनी डोळे उघडले. समोर माझं दुकान, त्यापलीकडे रस्ता, रिक्षा, पानठेला, ऊन. त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, तुझ्या दुकानाची पाटी तर तिरपी आहे. वरून कधी दिसली नाई." आणि मला रडू फुटलं.

तो फुटलेला कोपरा पुढे कधी बदलला नाही. काकाजींनी जादा तक्ता मागवून ठेवला होता, इंजिनिअरही दोनदा येऊन गेला, पण काकीजी म्हणाल्या, राहू द्या, बोट घालायला बरं पडते. शेवटी इंजिनिअरने फुटकी कड घासून गुळगुळीत करून दिली. त्यानंतर काकीजी कितीतरी वर्षं त्या लिफ्टने खाली-वर करत राहिल्या. लग्नाला गेल्या, मयताला गेल्या, माझ्या पोरीच्या बारशालाही आल्या. टोपली तेवढी वड्यांसाठी चालू राहिली.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सोमवारचं. दोन रिक्षा करून आम्ही नागऱ्याला गेलो. काकीजी मंडपातून हळूहळू चालत गाभाऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. उंबरठा दगडी, उंच. पाय तेवढा वर उचलेचना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. आत महादेव दिसत होता आणि मध्ये एक उंबरठा. त्यांनी मागे वळून काकाजींकडे पाहिलं. मग दोन्ही हात थोडे बाजूला केले.

काकाजी पुढे झाले. परखी खिशातून काढून माझ्या हातात दिली. वाकले, श्वास घेतला आणि काकीजींना उचलून उंबरठ्यापलीकडे अलगद उभं केलं. काकीजींनी तिथल्या भिंतीला गाल टेकवला.

आम्ही सगळे काकाजींकडे पाहत होतो. ही वेळ अख्ख्या गावाने जन्मभर वाट पाहिलेली! काकाजींचा तळहात अजून तसाच वर होता. एक डोळा बारीक झाला. ओठ हलले. आणि त्यांनी हात खाली घेतला.

मामाजींना राहवलं नाही. "बोला ना जिजाजी! किती भरली?"

काकाजींनी माझ्या हातातून परखी घेतली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "घरचं वजन आहे. बाहेर सांगत नसतेत."